हाताचं माप

आडनाव निनावे, आणि धंदा नावाच्या पाट्यांचा.
गोळीबार चौकात लोक हसायचे यावरून,
मीही हसायचो. गिऱ्हाईक टिकतं त्यानं.

त्या एप्रिलात पाटी कुणालाच नको होती.
कोण येणार होतं दारावरचं नाव वाचायला?
गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधलेले,
आणि माझ्याकडे अ‍ॅक्रिलिकच्या बावीस शीटा,
वरचा कागदही न सोललेल्या.

फोन आला मेडिकलमधून. सिस्टर रंजू गजभिये.
तिच्या घरची पाटी मीच केली होती,
'भि'ला पहिली वेलांटी की दुसरी, यावरून भांडली होती.
म्हणाली, पेशंटच्या डोक्यावर ठेवायला खोका पाहिजे,
आरपार दिसेल असा,
डॉक्टरचे हात आत जातील अशी दोन भोकं.
किती मोठी?
हाताएवढी, भाऊ.
कोणाच्या हाताएवढी?
ती गप्प.

रात्री साडेनऊला आली, पास दाखवत, स्कुटीवर.
शटर अर्धं वर. ती बाहेर, मी आत,
मध्ये सहा फूट आणि माझी लोखंडी फूटपट्टी.
तिनं बाही वर केली,
आणि मी कोपराखालचं माप
लांबूनच, डोळ्यांनी घेतलं.
मनगटावर हातमोज्याच्या कडेचा वळ होता, लाल.
त्याच्यावरून नजर लवकर काढून घेतली.

मग मे. पारा सेहेचाळीसला.
कूलर बंद ठेवायचा,
नाहीतर मशीनचा धूर शीटवर येऊन बसतो.
सांधा क्लोरोफॉर्मनं चिकटवायचा,
घामाचा एक थेंब पडला की पांढरा पडतो सांधा,
मोतीबिंदूसारखा.
आम्ही कपाळाला गमछे बांधून काम केलं.

पराते काकू हातमागावरून उठून फोम कापायला बसल्या.
मोमिनपुऱ्यातून हफीजभाईंनी इलास्टिक पाठवलं:
चड्डीचं आहे, पण कोरं आहे, हसू नका.
प्रतापनगरचा ओजस, अकरावीतला पोरगा,
घरच्या प्रिंटरवर कपाळाच्या पट्ट्या छापायचा,
एकीला पाऊण तास.
लाइट गेली की पट्टी कानापाशीच तुटलेली.
सकाळी तेरा व्हायच्या. कधी नऊ.
तुटलेल्याही पिशवीत घालून द्यायचा,
मोजायला कमी वाटू नये म्हणून.

खोके एकतीस गेले.

जूनमध्ये रंजूचा फोन.
भाऊ, वाईट नका वाटून घेऊ.
खोक्यात हात अडकून राह्यले डॉक्टरचे,
नळी घालायला उशीर होते.
वापरू नका म्हणाले मोठे सर.
पट्ट्या पाठवा. पट्ट्या लागून राह्यल्या.

मी म्हटलं, बरं.
काऊन कोण जाणे, आधी कोपरे आठवले.
एकतीस खोके, प्रत्येक कोपरा
गुण्यानं तपासलेला.
चूकही काटकोनात बसवता येते,
हे या धंद्यात कोणी सांगितलं नव्हतं.
काकू म्हणाल्या, चहा थंड होतोय.
त्यांनी कप ठेवला होता
भोकातून निघालेल्या एका चकतीवर.
बासष्ट होत्या तशा, खोक्यांमागे दोन.

त्या रात्री उरलेल्या शीटा बाजूला उभ्या केल्या,
आणि पातळ फिल्म कापायला घेतली, तोंडावरच्या ढालींची.
आठ हजारांच्या वर गेल्या असतील.
नंतर वही लिहायची राहिली.

ऑगस्टात पहिली पाटी आली,
सक्करदऱ्याहून, एका बाईची.
जुनी पाटी मळक्या टॉवेलात गुंडाळून आणलेली.
त्यावर दोन नावं.
म्हणाली, वरचं काढून द्या.
मी पेन्सिल उचलली.
मग म्हणाली, नाही, राहू द्या. दोन्ही ठेवा.
मग काहीच बोलली नाही.
मास्कवरून मला तिचे फक्त डोळे दिसत होते,
आणि ते पाटीकडेही बघत नव्हते.

माप तेच ठेवू? मी विचारलं.
तेच ठेवा, ती म्हणाली,
भिंतीत खिळे तिथंच आहेत.